होल्डेम: हातातली दोन पानं आणि फ्लॉपचं गणित (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर दिवाळीनंतर हे प्रश्न वाढतात. तीन पत्ती खेळून हात सैल झालेला असतो, कुणीतरी होल्डेम शिकवतं, आणि दोन आठवड्यांत "एक्का-राजा असूनही हरलो" असे निरोप यायला लागतात. तेच ते प्रश्न एकदाचे इथे लिहून ठेवतोय. नवख्यांसाठी एवढंच: होल्डेम हा पोकरचा प्रकार. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर सगळ्यांच्या वापराची पाच उघडी पानं: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). उदाहरणं आमच्या शनिवारच्या टेबलाची आहेत: नऊ खुर्च्या, एक कॅट, आणि चिप्सच्या जागी चिंचोके.

१. दोन पानांचे हात एकूण किती? कुणी १,३२६ म्हणतं, कुणी १६९.

दोन्ही बरोबर आहे. ५२ पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येतात. पण फ्लॉप पडायच्या आधी बदामाचे एक्का-राजा काय आणि किलवरचे काय, किंमत एकच. असे सारखे हात एकत्र केले की १६९ उरतात: १३ जोड्या, ७८ सूटेड (दोन्ही पानं एकाच चिन्हाची) आणि ७८ ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांची).

शक्यता काढताना मात्र १६९ ने भागू नका. प्रत्येक जोडी ६ प्रकारे येते, सूटेड हात ४ आणि ऑफसूट हात १२ प्रकारे. म्हणून एक्का-राजा (४ आणि १२ मिळून १६) हा एक्क्यांच्या जोडीपेक्षा अडीचपटीहून जास्त वेळा दिसतो. हा ६-४-१२ चा पाढा प्रश्न १५ मध्ये कामाला येईल.

२. दोन्ही पानं लाल असली की सूटेड झालं ना?

नाही. दोन्ही बदाम किंवा दोन्ही चौकट असायला हवीत. हसू नका, आमच्याकडे एका मेव्हण्यांनी बदाम आणि चौकट मिळून पाच लाल पानं फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) म्हणून मांडली होती आणि चिंचोके ओढायलाही घेतले होते.

३. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. इथे फ्लश स्ट्रेटला (ओळीने पाच पानं) मारतो. असं उलटं का?

कारण जे दुर्मीळ ते मोठं. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात सिक्वेन्स ७६८, आणि त्यातून प्युअरचे (एकाच चिन्हाच्या सिक्वेन्सचे) ४८ काढले की साधे ७२० उरतात. आणि साधे कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स कमी, म्हणून तो वर. पाच पानांत चित्र पालटतं: २५,९८,९६० हातांत साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८. फ्लश निम्म्याने कमी, म्हणून तो वर.

सवयीचा आणखी एक घोळ: तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्रीला बहुतेक घरांत मोठा मान असतो. होल्डेममध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात छोटा स्ट्रेट.

४. माझ्या हाताला फ्लॉप लागतच नाही. मलाच असं होतं का?

सगळ्यांनाच होतं, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

हातात दोन वेगवेगळी पानं आहेत, समजा एक्का आणि राजा. न दिसलेली पानं ५०. त्यातून फ्लॉप १९,६०० प्रकारे पडतो. तुमच्या कामाची पानं सहा, तीन एक्के आणि तीन राजे. बाकीची ४४ निरुपयोगी. तिन्ही पानं त्या ४४ मधलीच पडण्याचे प्रकार १३,२४४. म्हणजे १०० पैकी ६७.६ वेळा काहीच लागत नाही आणि ३२.४ वेळा किमान एक जोडी लागते. तीन फ्लॉपपैकी दोन तुमचे नसतात. हातातली दोन्ही पानं जुळून दोन जोड्या होणं तर अवघं २ टक्के.

आता यात सत्ती-दुर्री घालून बघा. कामाची पानं सहाच, निरुपयोगी ४४ च, उत्तर तेच ३२.४. चांगल्या हाताला फ्लॉप जास्त वेळा लागतो हा समज इथेच मोडतो. फरक लागल्यानंतर पडतो. एक्का-राजाला एक्का लागला की ती फ्लॉपवरची सगळ्यात मोठी जोडी असते आणि सोबतीला राजा असतो. सत्तीला सत्ती लागली की बहुतेक वेळा फ्लॉपवरच तिच्यापेक्षा मोठं पान बसलेलं असतं, आणि कुणाकडे दुसरी सत्ती निघाली तर तुमची दुर्री काय लढणार? फ्लॉप लागून हरणं हे न लागण्यापेक्षा महाग पडतं, कारण न लागलेला हात माणूस टाकून तरी देतो.

५. मग खेळायचे कोणते हात?

ते तुम्ही कितव्या नंबरवर बोलताय (पैज लावायची की पानं टाकायची ते सांगताय) यावर ठरतं. ब्लाइंडच्या (पानं बघायच्या आधीच पैज लावावी लागणाऱ्यांच्या) लगेच पुढे बसलेल्याच्या मागे अजून आठ जण बोलायचे असतात. तिथून मी सगळ्या जोड्या, एक्क्याबरोबर दश्शीपर्यंतचे सूटेड, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी सूटेड, आणि ऑफसूटमध्ये एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी एवढेच घेतो. मोजलं तर १,३२६ पैकी १५८, म्हणजे १२ टक्के. आठ-नऊ वाटपांत एकदा.

बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, असेन आणि पुढच्यांनी पानं टाकली असतील, तर तिसरा हिस्सा हात सहज खेळतो, कारण फ्लॉपनंतर सगळे आधी बोलणार आणि मी शेवटी. ही माझी यादी आहे, वेद नव्हे. छोट्या जोड्या पहिल्या खुर्चीवरून टाकणारेही आहेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

६. एक्क्यांची जोडी येते तरी कधी?

सरासरीने २२१ वाटपांत एकदा. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० वाटप होतात, म्हणजे साधारण आठ तासांच्या बसण्यात एकदा. पण "२२० झाले, आता येणारच" असं काही नसतं. २२१ वाटपांत एकदाही न येण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के आहे, आणि ५०० वाटपांत एकदाही न येणं हे दर दहा जणांतल्या एकाच्या नशिबी असतं. कॅटला मागचं काही आठवत नाही. कोणतीही जोडी म्हणाल तर १७ वाटपांत एकदा.

७. चौवीची जोडी घेऊन कॉल करावा (समोरच्याची पैज भरावी) का? सेट किती वेळा लागतो?

सेट लागण्याची, म्हणजे जोडीचं तिसरं पान (किंवा तिसरं-चौथं दोन्ही) फ्लॉपवर येण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. साडेसात वेळा हुकणार, एकदा लागणार.

समजा कॉल १० चिंचोक्यांचा आहे. साडेसात वेळा हुकून ७५ गेले. लागेल तेव्हा किमान तेवढे परत यायला हवेत, आणि लागलेल्या प्रत्येक सेटला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून कॉलच्या १५-२० पट चिंचोके तुमच्यासमोरही हवेत आणि ज्याच्याशी भिडताय त्याच्यासमोरही. त्याच्याकडे ६० च उरले असतील तर चौवी टाका.

दोघांकडेही जोड्या असतील तर दोघांनाही एकदम सेट लागण्याची शक्यता साधारण १ टक्का. त्या दिवशी छोट्या सेटवाल्याने जेवायला उठावं.

८. राजांची जोडी हातात आणि फ्लॉपवर एक्का. दर वेळी हेच का?

दर वेळी नाही, २२.६ टक्के वेळा. राण्यांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का किंवा राजा दिसण्याची शक्यता ४१.४, गुलामांच्या जोडीला वरचं काहीतरी दिसण्याची ५७, आणि दश्शीच्या जोडीला ६९.५. यातल्या थोड्या फ्लॉपवर तुमचा सेटही लागलेला असतो. गुलामांच्या जोडीला लोक शिव्या देतात ते या ५७ मुळे: निम्म्याहून जास्त वेळा फ्लॉपकडे बघून पोटात गोळा येतो.

फ्लॉपवर एक्का आला म्हणजे समोरच्याकडे एक्का आहे असं होत नाही. एकच माणूस कोणतीही दोन पानं घेऊन बसला असेल तर त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यता साडेबारा टक्के. असे चौघे असतील तर कुणा एकाकडे तरी असण्याची ४४ टक्के. खऱ्या टेबलावर आकडा वर जातो, कारण लोक कचरा टाकतात, एक्का टाकत नाहीत. एकाविरुद्ध मी खेळत राहतो, चौघांविरुद्ध जोरात पैज आली तर राजे टाकतो. जीव तुटतो, पण टाकतो.

९. सूटेड असल्याने नक्की किती फायदा?

वाटतो त्यापेक्षा कमी. रिव्हरपर्यंत पानं उघडली तर एखाद्या अनोळखी हाताविरुद्ध ऑफसूट एक्का-राजा ६५ टक्के जिंकतो आणि सूटेड ६७. सत्ती-दुर्रीसारख्या हातांत फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो.

फ्लॉपवर थेट फ्लश लागणं ०.८ टक्के, ११९ वेळांत एकदा. चार पानं जमून एकाची वाट बघणं, म्हणजे फ्लश ड्रॉ, १०.९ टक्के. "सूटेड होतं म्हणून खेळलो" हे वाक्य मी टेबलावर रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा ते चिंचोके गेल्यानंतर ऐकतो.

१०. एक्का-चौवी ऑफसूट. एक्का आहे म्हटल्यावर टाकवत नाही.

नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे एक एक्का असेल, तर उरलेल्या आठांत कुणाला तरी दुसरा एक्का वाटला गेलेला असण्याची शक्यता ६९.५ टक्के. त्याच्या जोडीला चौवीपेक्षा मोठं पान असणार हे सांगायला नको. एक्का लागला तर छोटा पॉट (मधे जमलेले चिंचोके) मिळतो, आणि मोठा पॉट झाला तर तो बहुधा दुसऱ्याचा असतो. बटणावर, सगळ्यांनी टाकलेलं असेल, तर खेळा.

११. आउट्स मोजायचे कसे? आणि ते चार-दोनचं सूत्र काय?

आउट म्हणजे ज्या पानाने तुमचा हात बनेल ते पान. फ्लश ड्रॉला ९. दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेट ड्रॉला ८. मधलं पान हवं असेल तर ४. फ्लॉपवर टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळणार असतील तर आउट्सना ४ ने गुणा, एकच पान बघायला मिळणार असेल तर २ ने. फ्लश ड्रॉचं सूत्राने ३६ येतं, खरं ३५. आठ आउट्सचं ३२, खरं ३१.५. चारचं १६, खरं १६.५.

दुहेरी मोजू नका. हातात बदाम नव्वी-अठ्ठी, फ्लॉपवर बदाम सत्ती, बदाम दुर्री, इस्पिक छक्की. फ्लशला ९ बदाम, स्ट्रेटला चार दश्शी आणि चार पंजी. ९ आणि ८ मिळून १७ नव्हे, १५. बदाम दश्शी आणि बदाम पंजी आधीच मोजून झाल्यात. १५ ला सूत्र ६० देतं, खरं ५४. मोठ्या आकड्यांवर सूत्र थोडं फुगतं.

१२. फ्लश ड्रॉ ३५ टक्के, मग अर्ध्या पॉटच्या पैजेला कॉल फायद्याचाच ना? तरी हरतोय.

सगळ्यात जास्त चिंचोके इथेच जातात. पॉट १००, समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० घालून २०० च्या पॉटसाठी खेळताय, म्हणजे २५ टक्के जिंकलात तरी बरोबरी. ३५ आहे म्हणून तुम्ही कॉल करता. पण ते ३५ दोन पानांचे आहेत आणि ५० चिंचोक्यांत तुम्ही एकच पान विकत घेतलंय. टर्न हुकला की तो पुन्हा लावणार. एका पानाचे टक्के १९ च.

मग टाकायचं का? तेही नाही. हिशोब केला तर टर्नवर फ्लश लागल्यावर त्याच्याकडून पुढे सरासरी ६१ चिंचोके अजून निघणार असतील तर कॉल भरून येतो. तो माणूस तिसरा बदाम बघूनही पैसे देणारा आहे का? आमच्या टेबलावर असे दोघे आहेत, त्यांच्याविरुद्ध मी कॉल करतो. बाकीच्यांविरुद्ध पैज बघून ठरवतो. आणि समोरच्याने फ्लॉपवरच सगळं पुढे ढकललं असेल तर दोन्ही पानं एकाच कॉलमध्ये बघायला मिळतात. तिथे ३५ चा आकडा खरा धरायचा.

१३. फ्लश लागला आणि तरी हरलो. आउट्स चुकले का?

बहुधा मोजणी बरोबर होती, पण सगळे आउट्स स्वच्छ नव्हते. समोरच्याकडे सेट असेल तर फ्लॉपवरच्या पानाची जोडी करणारा बदाम तुम्हाला फ्लश देतो आणि त्याला फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं). शिवाय फ्लश लागल्यावरही रिव्हरवर त्याला जोडी जुळायची संधी असते. सेटविरुद्ध फ्लश ड्रॉ ३५ वरून २६ च्या आसपास उतरतो. दुसरं, तुमचा फ्लश छक्कीचा आणि त्याचा राणीचा. छोट्या सूटेड पानांनी खेळताना ९ आउट्सचे मनात ७ च धरा.

१४. बाकीच्यांनी टाकलेली पानं आणि बाजूला जाळलेलं पान (वाटणारा न दाखवता बाजूला टाकतो ते) का मोजत नाहीत? माझे बदाम त्यांच्याकडे गेले असतील तर?

गेले असतील किंवा नसतील. जे पान दिसलं नाही ते तुमच्यासाठी कॅटमध्येच आहे, मग ते खरंच कॅटमध्ये असो, कुणाच्या मुठीत असो की जाळलेलं असो. फ्लॉपनंतर न दिसलेली पानं ४७ च धरायची.

अपवाद उघडं पडलेल्या पानाचा. आमच्याकडे एक काका पानं टाकताना हमखास एखादं उलटं करतात. तुमचा बदाम ड्रॉ असताना त्यांचा बदाम दिसला तर ४७ पैकी ९ चे ४६ पैकी ८ झाले: १९.१ वरून १७.४. किलवर दिसला तर ४६ पैकी ९, म्हणजे १९.६. अशी माहिती वापरणं लबाडी नाही. मान लांब करून मुद्दाम डोकावणं ही लबाडी आहे.

१५. राण्यांची जोडी, मी रेज केलं (पैज वाढवली), आणि अत्यंत कंजूस माणसाने उलट रेज केलं. काय करू?

इथे ६-४-१२ (प्रश्न १) काढा. तो एक्के, राजे किंवा एक्का-राजा यांच्याशिवाय उलट रेज करत नाही असं धरू. एक्के ६, राजे ६, एक्का-राजा १६, एकूण २८. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा त्याच्याकडे एक्का-राजा आहे आणि तुम्ही थोडे पुढे आहात. उरलेल्या १२ मध्ये तुम्ही चांगलेच मागे, जिंकण्याची शक्यता विसाच्याही आत. सगळं मिळून राण्यांची बाजू साधारण ४० टक्के. कॉल करून फ्लॉप बघायला पुरेसं, सगळं पुढे ढकलायला नाही.

तुमच्याच हातात एक्का-राजा असेल तर गणित बदलतं, कारण त्याची पानं तुम्ही धरून बसलात: एक्के ३, राजे ३, एक्का-राजा ९.

१६. एक्क्यांची जोडी इतकी का हरते?

एका अनोळखी हाताविरुद्ध एक्के ८५ टक्के जिंकतात. दोघांविरुद्ध ७३, चौघांविरुद्ध ५६, नऊ जणांविरुद्ध ३१. "येऊ दे सगळ्यांना" म्हणून रेज न करणाऱ्याने हे आकडे बघावेत. तरी दहा जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा १० टक्के असताना एक्क्यांना ३१ मिळतात, त्यामुळे तोटा होतोय असं नाही. फक्त जिंकणं क्वचित होतं आणि हरलेला हात वर्षभर आठवतो.

१७. सत्ती-दुर्री ऑफसूट हा सगळ्यात वाईट हात ना?

भरलेल्या टेबलावर हो. दोघांतच खेळ असेल तर नाही. तिथे तिर्री-दुर्री ऑफसूट तळाला. ती अनोळखी हाताविरुद्ध ३२ टक्के जिंकते, सत्ती-दुर्री साडेचौतीस. तिर्री-दुर्रीला स्ट्रेटची आशा असते, पण दोघांत बहुतेक वेळा मोठं पानच निकाल लावतं आणि सत्ती ही तिर्रीपेक्षा मोठी.

याहून विचित्र गोष्ट: समोर एक्का-राजा असेल तर सत्ती-दुर्री साधारण तीनात एकदा जिंकते, आणि एक्का-राणी चारात एकदाच. एक्का-राणीचा एक्का लागला तरी समोरच्यालाही तोच लागतो, म्हणून तिला राणीचाच आधार. कागदावरचा देखणा हात नेमक्या चुकीच्या माणसासमोर कचऱ्याहून वाईट होतो.

१८. पण मोठे खेळाडू कचरा हात घेऊन जिंकतातच की!

डॉइल ब्रन्सनचं उदाहरण सगळे देतात. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्याने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री होती. दोन्ही वेळा फुल हाउस. आजही त्या हाताला त्याच्या नावाने ओळखतात.

१९७६ चा डाव नीट बघा. समोर जेसी आल्टोकडे एक्का-गुलाम. फ्लॉप एक्का, गुलाम, दश्शी. टर्नला दुर्री. दोघांच्याही दोन-दोन जोड्या, पण आल्टोच्या मोठ्या. आता ब्रन्सनला वाचवणारी पानं चारच: दोन दश्शी, दोन दुर्री. दोन्ही हात उघडे धरले तर उरलेली पानं ४४. अकरात एक. रिव्हरला दश्शी आली.

१९. हे पैसे लावून कुठे खेळता येईल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. गोव्यात पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी आहेत. तिथे बसाल तर एक ध्यानात ठेवा: पॉटमधून कॅसिनोचा वाटा कापला जातो, त्यामुळे कागदावर जेमतेम बरोबरीत असलेला कॉल तिथे तोट्याचा होतो. आमचे चिंचोके कोणी कापत नाही.

२०. छक्कीपासून वरच्या ३६ पानांच्या होल्डेमला हेच आकडे चालतात का?

नाही, सगळे नव्याने काढा. हात ६३० च होतात, एक्क्यांची जोडी १०५ वाटपांत एकदा येते, आणि जोडीचा सेट फ्लॉपवर लागण्याची शक्यता ११.८ वरून १७ टक्क्यांवर जाते. प्रत्येक रंगात नऊच पानं, म्हणून फ्लश अवघड होतो आणि तिथे फ्लश फुल हाउसला मारतो. फ्लश ड्रॉला आउट्सही ९ नव्हे, ५ च. बसायच्या आधी यजमानाला नियम विचारून घ्या. आम्ही पहिल्यांदा खेळलो तेव्हा हे विचारायचं राहिलं आणि अर्धा तास फुल हाउसवरून भांडण चाललं.